‘हरकत नाही’ या दोन शब्दांबाबत

आधी वार आणि त्या त्या वारी जबाबदार असलेली व्यक्ती. तारखा समितीला लिहिलेल्या माझ्या पत्रांत आहेत. येथे वार पुरेत.

खंडेनवमी, गुरुवार : मी स्वतः.

पुढचा सोमवार : कोणी नाही, किंवा पुन्हा मीच.

मंगळवार : संगणक कंपनीच्या मदतकेंद्रावरील एक सौजन्यशील आवाज.

बुधवार, सकाळी : द्वारका चौकातील दुकानातून आलेले दुरुस्ती करणारे गृहस्थ. बुधवार, दुपारी : आमच्या वाचनालयाचे कार्यालय.

गुरुवार : कोणी नाही. त्या दिवशी मी फक्त लिहीत होतो.

शुक्रवार, सायंकाळी पाचपर्यंत : वाचनालय समितीचे अध्यक्ष.

या यादीत मी माझे नाव पहिले घातले आहे. चौतीस वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून बसलेल्या माणसाला दोषांची वाटणी कशी करतात हे कळते. माझ्या वाट्याचा दोष मी मान्य करीन. दुसऱ्याच्या वाट्याचा मात्र डोक्यावर घेणार नाही.

आमच्या कॉलनीत एका सद्गृहस्थांनी दिलेल्या दोन खोल्यांत वाचनालय चालते. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रे आणि बारा खुर्च्या. सकाळी माझ्यासारखे निवृत्त लोक बसतात. अकरानंतर पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून शिकायला आलेल्या, खोली घेऊन राहणाऱ्या मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, कारण त्यांच्या खोलीत चौघींत मिळून एक टेबल असते. समितीने नवरात्राच्या सुमारास सूचना लावली की पुढची खोली एका खासगी क्लासला द्यावयाची आहे, आणि सभासदांच्या हरकती ऑनलाइन फॉर्मवर शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत स्वीकारल्या जातील. ‘ऑनलाइनच’ या शब्दाखाली रेघ होती.

मी या वाचनालयाचा पूर्वी मानद चिटणीस होतो. खोल्या देणाऱ्या सद्गृहस्थांचे दानपत्र मी माझ्या हाताने, मराठी टंकयंत्रावर उतरवले होते. त्यात अट आहे: पुढील खोली वाचनाखेरीज अन्य कारणासाठी वापरू नये. ते सद्गृहस्थ आता नाहीत, आणि हयात असलेल्यांत ती अट मुळाबरहुकूम माहीत असलेला माणूस बहुधा मी एकटाच आहे. म्हणून मी अकरा पानांची हरकत संगणकावर तयार केली. शेवटचा परिच्छेद मनासारखा होत नव्हता, म्हणून ती पाठवायची राहिली होती. माझी अकरा पाने यंत्रात होती आणि यंत्राकडे जाण्याचा रस्ता कळफलकावरून होता. हे ध्यानात ठेवावे. पुढचा सारा संताप या एका वाक्यातून निघाला आहे.

खंडेनवमीला मी हत्यारांची पूजा करतो. सुताराने करवतीची करावी, शेतकऱ्याने नांगराची, तशी मी नोकरीत असताना टंकयंत्राची करीत असे. झेंडूचा हार, हळद-कुंकू, चिमूटभर अक्षता. टंकयंत्राची गोष्ट अशी की त्याच्या पोटात काहीही पडले तरी ते उचलून हलवले की खाली टेबलावर येते. या वर्षीही मी कळफलकाची वायर काढली, सगळे पुसून घेतले, फुले वाहिली आणि अक्षता टाकल्या. पूजेत मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नसतो. दसरा झाला, शनिवार-रविवारी सोने द्यायला-घ्यायला लोक आले. सोमवारी सकाळी मी हार काढला, वायर होती तेथे लावली आणि संगणक सुरू केला.

सुरू होताना कळफलकावर तीन हिरवे दिवे एकदा लागतात आणि विझतात. ते लागले नाहीत. पडदा काळा राहिला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, ज्यांचे मराठी असे होते: कळफलक आढळला नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबा.

बंद दारावर चिकटवलेल्या नोटिसा मी आयुष्यभर पाहिल्या. परंतु गैरहजर माणसाने स्वतः येऊन आपल्या गैरहजेरीवर सही करावी, असे कोणत्याही बेलिफाने कधी म्हटलेले मला आठवत नाही. मी वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. यंत्र बंद करून चालू केले. कळफलक उलटा करून टंकयंत्रासारखा हलवला. त्यातून बिस्किटाचा चुरा आणि माझ्या चष्म्याचा हरवलेला स्क्रू पडला. दिवे लागले नाहीत.

मंगळवारी मदतकेंद्राला फोन केला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, या पायऱ्या चढून एका तरुण आवाजापर्यंत पोचलो. त्याने माझ्याकडून विद्युतपुरवठा तोडवला, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरवले, सर्व वायरी काढून पुन्हा लावायला सांगितल्या. टेबलाखाली वाकण्याच्या माझ्या गुडघ्यांच्या क्षमतेबद्दल त्याने चौकशी केली नाही. मी वरच्या बाजूची वायर काढून लावली. मागच्या बाजूच्या वायरींना, त्या चालत असल्यामुळे, हात लावला नाही. तीन वेळा तोच प्रयोग झाला, तीन वेळा तोच काळा पडदा. प्रत्येक वेळी तो म्हणाला, “काही हरकत नाही सर, आपण पुन्हा प्रयत्न करू.” त्याच्या तोंडची ती सवय होती. मी त्याला सांगितले की शुक्रवारी मुदत संपते. त्याने माझी तक्रार नोंदवली. तासाभराने मोबाइलवर संदेश आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कशी, ते त्यात नव्हते.

येथे कोणी विचारील की फॉर्म मोबाइलवर भरता आला असता, शेजाऱ्याचा लॅपटॉप मागता आला असता. शेजाऱ्यांनी आपणहून देऊ केला होता. परंतु माझी बोटे जुन्या टंकयंत्राची अक्षररचना जाणतात, आणि ती फक्त माझ्या यंत्रात बसवलेली आहे. लॅपटॉपवर एक ‘श्र’ शोधायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी पूर्वी अर्धी साक्ष उतरवून घेत असे. आणि अकरा पाने अंगठ्याने लिहिण्याचे वय माझे नाही.

बुधवारी सकाळी द्वारकेच्या दुकानातून गृहस्थ आले. चाळिशीचे, मूळचे पिंपळगाव बसवंतचे, पूर्वी तिकडे शीतगृहातले वजनकाट्याचे संगणक दुरुस्त करीत असत. स्वतःचा एक कळफलक पिशवीत घालून आणला होता. मला ती तयारी आवडली. आमचा सीपीयू टेबलाखाली भिंतीला पाठ लावून उभा असतो, आणि त्याच्या डोक्यावर दोन खाचा आहेत. त्यांपैकी एक खाच आधीपासून मोडकी आहे, दुसरीत मी कळफलक लावतो. त्यांनी आपला कळफलक त्याच खाचेत लावला. दिवे लागले नाहीत. त्यांनी वायर किंचित दाबली, “घट्ट बसतंय जरा,” म्हणाले, आणि उठून हात झटकले.

“बोर्ड गेला हाय काका. लय जुना झाला. नवीन घ्या.”

निष्कर्ष कशावरून, असे मी विचारले.

“अनुभवावरून. काका, माणूस झालं का म्हातारं, की एक-एक जातंच.”

मी म्हणालो की म्हातारपणाचा पुरावा येथे दोघांबद्दल उपलब्ध आहे, पण प्रश्न यंत्राचा आहे. ते मोकळेपणाने हसले. यंत्र शुक्रवारी सायंकाळी दुकानावर नेऊन उघडून पाहू, आधी जमणार नाही, असे सांगून आणि पत्नीने दिलेला चहा घेऊन गेले.

आता मला ठाऊक झाले आहे की त्या पेटीच्या मागच्या बाजूला तशाच आणखी चार खाचा आहेत आणि कळफलक कोणत्याही खाचेत चालतो. मला ते ठाऊक नव्हते. आमच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकांना मागे गोल खाचा असत, जांभळी कळफलकाची आणि हिरवी माऊसची. जांभळे हिरव्यात घातले की दोन्ही बंद. त्यामुळे प्रत्येक वायरीला तिची नेमून दिलेली जागा असते, ही समजूत माझ्यात पक्की आहे. माझे अज्ञान मी लपवीत नाही. परंतु ज्यांचा तो व्यवसाय आहे, त्यांनी टेबल एक हात पुढे ओढून वायर मागच्या खाचेत लावून पाहिली असती, तर दिवे तेव्हाच लागले असते. पाहणी न करता केलेल्या पंचनाम्याला आमच्याकडे काय म्हणत, ते मी येथे लिहीत नाही.

त्या दुपारी मी वाचनालयाच्या कार्यालयात फोन केला. तेथे एक बाई लिपिकाचे काम करतात. मनमिळाऊ आणि कामसू आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मी माझा सभासद क्रमांक सांगितला. संगणक बंद पडला आहे, हरकत तयार आहे पण पाठवता येत नाही, सोमवारपर्यंत मुदत वाढवावी, अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, अध्यक्षांनी मुदतवाढ द्यायची नाही असे सांगितले आहे. खरोखर वाईट वाटून म्हणाल्या. आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, “बरं, हरकत नाही.” त्यापुढे, हाताने लिहून आणून देतो, असेही म्हणालो. पण त्या वेळी त्यांच्याकडे दुसरा फोन वाजत होता.

गुरुवारी मी लिहायला बसलो. सकाळी आठला सुरुवात केली, जेवणाला उठलो, सायंकाळी साडेपाचला सही केली. दानपत्राची माझ्याजवळची प्रत समोर ठेवून अट शब्दशः उतरवली. यंत्रात अडकलेला तो शेवटचा परिच्छेद, जो इतके दिवस जमत नव्हता, हाताने पहिल्या प्रयत्नात जमला. कळफलकाविना मी अडलो नव्हतो, हे मला त्या दिवशी स्वतःला दाखवून द्यायचे होते.

शुक्रवारी दुपारी पत्नीने सीपीयू पुसायला घेतला. परक्या दुकानात जाणारी वस्तू धुळीने भरलेली जाऊ नये, असे तिचे म्हणणे. मी खुर्चीवर अर्ज पुन्हा वाचत होतो. तिने कळफलकाची वायर उपसली आणि खाचेत डोकावून पाहिले.

“अहो, यात पांढरं काय दिसतंय?”

मी म्हणालो, आतला भाग असेल.

“आतल्या भागाला कुंकू लागतं का? अक्षत आहे ही. तांदूळ मला ओळखू येत नाही का?”

आयुष्यभर ताटात तांदूळ पसरून खडे वेचलेल्या डोळ्यांपुढे त्या खाचेचा निभाव लागला नाही. मी वीज बंद केली. तिने खराट्याची काडी आणली आणि एक लालसर दाणा बाहेर काढला. खंडेनवमीला वायर काढून ठेवली, तेव्हा खाच उघडी होती. टेबलाखालच्या पेटीवरही अक्षता टाकल्या होत्या, त्यांतला दाणा आत पडला आणि सोमवारी मीच वायर लावून त्याला तळाशी दाबले. त्यानंतर कंपनीच्या सांगण्यावरून तीन वेळा आणि द्वारकेच्या अनुभवावरून एकदा तो अधिक घट्ट बसवण्यात आला. वायर पूर्ण आत गेल्यासारखी दिसे. दाण्याएवढी बाहेर राहत होती.

“चिमूटभर टाका म्हटलं होतं मी,” पत्नी म्हणाली. “तुम्ही लग्नातल्यासारख्या उधळल्यात.”

मी वायर लावली, यंत्र सुरू केले. तीन हिरवे दिवे लागले. त्या क्षणी दोन वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि माझ्या हातात मुदतीतले दोन तास पन्नास मिनिटे होती. अकरा पाने उघडली, शेवटचा परिच्छेद हस्तलिखितावरून टंकित केला, समितीचा फॉर्म उघडला आणि सभासद क्रमांक घातला. फॉर्मने उत्तर दिले की या क्रमांकाचा प्रतिसाद यापूर्वीच नोंदवण्यात आला आहे.

मी दोनदा क्रमांक तपासला. मग हस्तलिखित अकरा पाने आणि त्यांची छायाप्रत पिशवीत घालून चालत कार्यालयात गेलो.

लिपिक बाईंनी मला बसायला खुर्ची दिली आणि संगणकावरील नोंद दाखवली. माझ्या नावापुढे, ‘प्रतिसाद’ या रकान्यात, बुधवारची वेळ घालून लिहिले होते: हरकत नाही.

“काका, तुम्हीच फोनवर म्हणालात ना?” त्या गोंधळून म्हणाल्या. “बरेच जण फोनवर सांगतात, मी त्यांची नोंद घेते. साहेबांनीच तसं सांगितलंय.”

मी म्हणालो होतो. ते मी नाकारले नाही, आजही नाकारीत नाही. आपण मराठी माणसे दिवसातून किती वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो, ते कोणी मोजावे. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. कोणी पायावर पाय दिला तरी आपण कळ सोसून तेच म्हणतो. त्या शब्दांनी आपण समोरच्याची अडचण हलकी करतो. आपला हक्क सोडून देत नाही. मी चौतीस वर्षे दुसऱ्यांचे शब्द टिपले. उत्तराआधी प्रश्न टिपावा लागतो, हा माझ्या कामाचा पहिला धडा होता, कारण प्रश्नावाचून टिपलेले उत्तर वाटेल त्या प्रश्नाला चिकटवता येते. मला विचारले गेले असते, ‘खोली क्लासला देण्यास आपली हरकत आहे काय?’ तर मी काय उत्तर दिले असते, हे अकरा पानांत लिहिले होते. मला विचारलेच गेले नाही. मी मुदतवाढीच्या नकाराला सौजन्याने निरोप दिला, आणि त्या सौजन्याचा माझ्याविरुद्ध पुरावा झाला.

तेवढ्यात अध्यक्ष आले. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान आहेत. शाळेत असताना याच वाचनालयात बसत असत, आणि मला काका म्हणतात. त्यांनी नोंद वाचली, माझी पाने चाळली आणि परत माझ्यापुढे सरकवली.

“काका, मुद्दाम कोणी केलेलं नाही. पण नोंद म्हणजे नोंद. आणि हाताचे कागद घ्यायचे नाहीत, हा ठराव आहे.”

मी सांगितले की माझा कळफलक पाच दिवस चालत नव्हता आणि मी बुधवारी तसे कळवले होते.

“ते तुमच्या घरचं झालं. शब्द तर तुमचाच आहे ना? तुमच्यासारख्या माणसानं शब्द फिरवावा, हे बरं दिसत नाही. कशाला या वयात कळ काढता?”

“शब्द माझा आहे,” मी म्हणालो. “प्रश्न कोणाचा होता, तेवढे सांगा.”

ते फोन कानाला लावून आतल्या खोलीत गेले. मी पाने लिपिक बाईंच्या हाती दिली आणि पोच मागितली. त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिले, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारला, चार वाजून चाळीस मिनिटे ही वेळ स्वतःच्या अक्षरात घातली आणि खाली सही केली. त्यांना ते करण्याची गरज नव्हती. त्यांच्या त्या सहीचा मी ऋणी आहे, आणि यासाठी कोणी त्यांना जाब विचारल्यास तो आधी मला विचारावा.

पुढच्या आठवड्यात समितीने सूचनाफलकावर लावले की आलेल्या प्रतिसादांत एकही हरकत नाही. खोलीचा निर्णय सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे. मी समितीला दोन पत्रे लिहिली. पहिल्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्याचे तोंडी आले, एका सभासदाकरवी: काकांना सांगा, आता सोडून द्या. मी सोडणार नाही. यंत्राचा दोष शोधताना माझा हात माझ्याच मुठीतल्या तांदळापर्यंत पोचला, आणि मी तो मान्य केला. मदतकेंद्राला आणि द्वारकेच्या गृहस्थांनाही तसे पत्राने कळवले, त्यांच्या वाट्याच्या दोषासह. द्वारकेच्या गृहस्थांनी फोन करून “चुकलंच काका, टेबल सरकवायला पायजे होतं,” असे म्हटले. ज्याची चूक फक्त एका टेबलाची होती, तो एवढे म्हणू शकतो. बारा खुर्च्यांचा प्रश्न ज्यांच्या हाती आहे, त्यांना ते जड जाऊ नये.

म्हणून मी हे लिहून प्रसिद्धीस देत आहे. अध्यक्षांनी मला टपालाने, फोनवर किंवा तिसऱ्याकरवी उत्तर देऊ नये. तसे आलेले उत्तर मी स्वीकारणार नाही. त्यांनी सर्वसाधारण सभेत, वाचनालयाच्या त्याच पुढच्या खोलीत, त्या मुलींनाही आत बसू देऊन, उभे राहून तीन गोष्टी सांगाव्यात. दानपत्रातील अट त्यांनी वाचली आहे काय? मुदतीच्या वीस मिनिटे आधी, शिक्क्यासह मिळालेली माझी अकरा पाने ही हरकत आहे की नाही? आणि बुधवारी दुपारी मला कोणता प्रश्न विचारण्यात आला होता? मी पहिल्या रांगेत बसेन, आणि ते जे बोलतील ते लघुलिपीत शब्दशः उतरवून घेईन.